मी घासलेलं शमादान

मिनिआपोलिसच्या मराठी मंडळात माझी ओळख 'मखरवाले' अशी होती. मी ईडन प्रेरीतल्या एका कारखान्यात पॅकिंग मशिनांचे सुटे भाग डिझाइन करायचो, त्यामुळे ज्याला लोखंड कळतं त्याला थर्मोकोलही कळत असणार असं मंडळाने परस्पर ठरवून टाकलं. पहिल्याच वर्षी माझं मखर भर आरतीत पुढे झुकलं आणि खजिनदारांच्या टकलावर टेकलं. बिचाऱ्यांनी आरती संपेपर्यंत ते डोक्याने तोलून धरलं, वर टाळ्याही वाजवल्या. एवढं होऊनही दुसऱ्या वर्षीचं काम माझ्याकडेच आलं. परदेशात माणसं कमी असतात, निवड करायला वाव नसतो.

ते दुसरं मखर मी गॅरेजमध्ये करत होतो तेव्हा शेजारचे डॉक्टर डोकवायला लागले. दातांचे डॉक्टर, निवृत्त, ज्यू. पहिल्या थंडीत माझी गाडी बंद पडली तेव्हा स्वतःच्या गाडीला वायर लावून त्यांनीच ती चालू करून दिली होती, तेव्हापासून आमची मैत्री. ते स्टुलावर बसायचे, मी कापत बसायचो आणि गप्पा मारायचो. म्हणजे मी मारायचो, ते ऐकायचे. दातांच्या डॉक्टरांना दुसऱ्याचं तोंड उघडं असण्याची सवय असते.

एकदा मी त्यांना आमच्या सांगलीच्या हॉस्टेलची गोष्ट सांगत होतो. रेक्टर किती कडक होते हे त्यांच्या नीट लक्षात यावं म्हणून मी हसत हसत म्हणालो, "अहो, रेक्टर कसले, नुसता..." आणि त्या जर्मन हुकूमशहाचं नाव घेतलं. आमच्याकडे ते नाव इतकं सहज घेतात! कडक हेडमास्तर, खडूस साहेब, नळाचं पाणी मोजून सोडणारा घरमालक, सगळ्यांना तेच.

डॉक्टर हसले नाहीत. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी अलगद खाली ठेवला.

"काय करायचा तुझा रेक्टर?"

"रात्री दहाला दिवे घालवायचा."

"आणखी?"

"आणखी..." मी आठवायला लागलो. "रविवारी दुसऱ्यांदा भात वाढू द्यायचा नाही."

डॉक्टरांनी मांडीवरचा थर्मोकोलचा चुरा झटकला. मग म्हणाले, "शनिवारी मोकळा आहेस?"

"आहे."

"ड्रिल घेऊन ये."

अशा रीतीने मी ज्यूंच्या संहाराच्या स्मृतींसाठी उभ्या राहत असलेल्या संग्रहालयात दाखल झालो. एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाची ती जागा. मागच्या दारावर सोफ्याच्या सेलचा कागद अजून चिकटलेला होता. आमचं राज्य आणि आजूबाजूची दोन-तीन राज्यं, तिथल्या शाळांतल्या मुलांना बसने आणायचं, फोटो आणि वस्तू दाखवायच्या, आणि जे त्यातून वाचले त्यांनी समोर उभं राहून स्वतः सांगायचं, अशी कल्पना. संचालिका हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या बाई होत्या, रजा काढून हे करत होत्या. वसंतात उद्घाटन होतं आणि काचेची कपाटं, स्टँड, दिवे, सगळं बाकी होतं.

मला काय माहीत होतं? आमच्या इतिहासाच्या पुस्तकात ते महायुद्ध एका पानात सुरू होऊन त्याच पानात संपलं होतं, आणि त्या पानावर ही माणसं नव्हतीच. पहिल्या शनिवारी भिंतीवर एक फोटो लावायला दिला. रेल्वेच्या फलाटावर सुटकेसांचा ढीग, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांत नाव आणि पत्ता. सामान हरवू नये म्हणून. मी मुंबईहून निघालो तेव्हा माझ्या ट्रंकेवर वडिलांनी तशाच पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलं होतं, तेही त्याच कारणासाठी. फोटो लावून झाल्यावर मी म्हणालो, "दुसऱ्या भिंतीचं आधी करतो," आणि तिकडे गेलो. त्या दिवशी तीन भोकं चुकीच्या जागी पाडली.

बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात पत्रांचा गठ्ठा होता. संग्रहालय होणार अशी बातमी पेपरात आल्यापासून ती येत होती. एक त्यांनी मला वाचायला दिलं. स्वच्छ टाइप केलेलं, शिवी एकही नाही. असं काही घडलंच नाही, तुमच्या वस्तू बनावट आहेत, तुमची म्हातारी माणसं शिकवलेलं बोलतात. शेवटी 'आपला विश्वासू'. मी म्हटलं, "फाडून टाका की."

बाई म्हणाल्या, "फाडून कशाला? मला रोज सकाळी लागतं ते. कॉफीबरोबर."

आता मावशींबद्दल. त्यांचं खरं नाव मला तीन वेळा प्रयत्न करूनही म्हणता आलं नव्हतं, आणि मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणू लागलो होतो. सत्तरीच्या आसपास, पोलंडमधल्या एका लहान गावातल्या. इथे एका ड्रायक्लीनरच्या दुकानात कपड्यांची लांबी-रुंदी करून द्यायच्या. बोटं टाचण्यांनी खरखरीत झालेली आणि जीभही तशीच. एका शनिवारी त्यांनी पिशवीतून एक जुना पायमोजा काढला आणि मोज्यातून एक पितळी शमादान. वीतभर उंच, काळं पडलेलं. खोबणीत हिरवं चढलेलं, आणि तळाच्या पोकळीत घट्ट बसलेली माती.

ते त्यांच्या आईचं. जोडीतलं एक. दर शुक्रवारी संध्याकाळी आई दोन्हींत मेणबत्त्या लावायची. घर सोडायचा हुकूम झाला तेव्हा तिने ती जोडी कपडे धुणाऱ्या बाईकडे दिली, आणि त्या बाईने ती कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरली. युद्ध संपल्यावर घरातल्या सहा जणांपैकी एकट्या मावशी गावात परत आल्या. घरात दुसरेच लोक राहत होते. खुराड्याखाली उकरलं तर एकच सापडलं.

"चाळीस वर्षं हे मोज्यात आहे," त्या म्हणाल्या. "मी घराबाहेर कुणाला दाखवलं नाही आणि कुणाला सांगितलं नाही. मुलगासुद्धा म्हणतो, आई, कशाला? लोक विचारतील, खरं कशावरून? तर आता मी सांगणार. पण हे माझ्यासमोर काचेत असेल तर. नुसत्या हवेत हात हलवून मी बोलणार नाही."

बाईंनी तिथल्या तिथे एक पोलरॉइड फोटो काढून वहीत चिकटवला. मग मला सांगितलं की याला स्टँड करायचा आहे, तळ गोल असला तरी एका बाजूला चेपलाय, तेव्हा नीट माप घे. मी म्हटलं, घरी नेतो, माझ्याकडे व्हर्नियर आहे. त्यांनी बुटांच्या खोक्यात टॉवेल घालून त्यात ते ठेवलं आणि बजावलं, "जसं आहे तसं परत आण."

मी मान हलवली. माझी मान हा माझ्या शरीरातला सर्वांत बेजबाबदार अवयव आहे.

पुढच्या शनिवारी बायको कामावर होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, एकाआड एक शनिवारी तिची ड्यूटी. मी माप घेतलं, पाइनचा तुकडा कापला, बसवून पाहिला, उत्तम बसला. दुपारचे दोन वाजलेले, बाहेर बर्फ, हातात काही काम नाही. आणि समोर ते काळं पितळ.

आता इथे मला माझी बाजू मांडायची आहे, जरी ती बाजू नाही हे मला कळतं. आमच्या घरात एक रीत होती. कुणाचं भांडं आपल्याकडे आलं तर ते तसंच परत द्यायचं नाही. एक, घासून लखलखीत करून द्यायचं. दोन, रिकामं द्यायचं नाही. निदान चार दाणे साखर तरी घालायची. शेजारणीने आमटीची वाटी पाठवली आणि आम्ही ती तशीच परत केली, असं झालं असतं तर आईने आम्हाला त्या वाटीत बुडवलं असतं. शिवाय दिवाळीच्या आधी देवाची समई, निरांजनं, तांब्या असं सगळं चिंचेने घासायचं काम लहानपणी माझ्याकडे असे. काळं पितळ दिसलं की माझा हात आपोआप चिंचेकडे जातो. मला वाटलं, मावशी इतक्या वर्षांनी हे लोकांसमोर ठेवणार, आणि ते असं? एखाद्याने घर सोडताना विसरून गेलेल्या वस्तूसारखं?

मी चिंच कोळली. मीठ घातलं. अर्धा तास भिजवलं. पहिल्या घासण्यात खालचं सोनेरी दिसलं आणि मग मी थांबेन कसला! खोबणीसाठी जुना टूथब्रश घेतला. तळातली माती निघेना, ती स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली आणि गरम पाण्याने धुतली. चारच्या सुमाराला ओट्यावर असं काही झळकत होतं की माझं तोंड त्यात दिसत होतं. ताणलेलं, लांब नाकाचं आणि अतिशय खूष.

मग रिकामं कसं द्यायचं? गाडी काढून सुपरमार्केटात गेलो. डिसेंबर होता, मेणबत्त्यांना काय तोटा? लाल आणि हिरव्या. मी लाल घेतली.

बायको आली, कोट काढता काढता तिची नजर ओट्यावर गेली.

"अहो, हे काय?"

"बघ तरी! ओळखू येतंय का?"

"तुम्ही घासलंत?"

"चकाचक!"

"कुणी सांगितलं होतं?"

मी मान हलवायला लागलो, पण या वेळी कुठल्या दिशेने हलवावी ते ठरेना.

ती खुर्चीवर बसली. "आमच्या लॅबमध्ये पेशंटचं सॅम्पल येतं. मी ते स्वच्छ धुवून, पुसून डॉक्टरकडे पाठवलं तर चालेल?" मी म्हटलं, हे काय सॅम्पल आहे? ती म्हणाली, "मग काय आहे? चाळीस वर्षं जपलं होतं त्यांनी. त्यांना घासता येत नव्हतं म्हणून ठेवलं होतं का तसं?" आणि मग मेणबत्तीकडे बघून, आवाज खाली आणत, "आणि ही ख्रिसमसची आहे हो."

तोपर्यंत माझं तोंड शमादानात दिसायचं थांबलं होतं. मी तिकडे बघतच नव्हतो.

त्या आठवड्यात शनिवारऐवजी रविवारी सगळे जमणार होते. मी खोकं उघडून टेबलावर ठेवलं तेव्हा बाई एकदम खाली बसल्या. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मावशींनी आधी ती लाल मेणबत्ती उपटून बाजूला ठेवली. मग शमादान हातात घेतलं, उलटं केलं, तळाच्या पोकळीत बोट घालून फिरवलं.

"माती?"

मी ती लाल मेणबत्ती उचलून खिशात घातली.

"माती कुठे आहे?"

"सिंकमध्ये गेली," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ मूर्ख वाक्यं बोललो आहे. काहींवर लोक अजून हसतात. हे वाक्य मी आजवर कुणाला हसत सांगू शकलेलो नाही.

मावशींनी शमादान टेबलावर ठेवलं, रिकामा मोजा घडी करून पर्समध्ये घातला आणि कोट घेऊन निघून गेल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "आता त्या बोलायच्या नाहीत." आणि त्यांची नजर खालच्या खणाकडे गेली, तेव्हा मला दुसरी गोष्ट कळली. आता हे काचेत ठेवलं तर पत्रं लिहिणाऱ्यांना काही लिहावंच लागणार नव्हतं. बोट दाखवलं की झालं. हे? पुरलेलं? चाळीस वर्षांपूर्वीचं? आणि नाही ठेवलं, तर मावशी पुन्हा मोज्यासारख्या गप्प.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी इंजिनियर होतो. इंजिनियरला वाटतं, बिघडवलंय ना, मग दुरुस्त होईल. सोमवारी कारखान्यात मी फिनिशिंग विभागाच्या फोरमनला गाठलं. पितळ काळं करायचं रसायन त्याच्याकडे होतंच. त्याने एक पिवळाधमक तुकडा टाकीत बुडवला, दहा मिनिटांनी काढला, तर काळाभोर! वर म्हणाला, "जरा तारेच्या ब्रशने मारलं की शंभर वर्षांचं दिसतं." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. कुणाला कळणार होतं? पोलरॉइड समोर ठेवून डिट्टो करून दिलं असतं. माती तर काय, कुठेही मिळते.

तो तुकडा खिशात घालून मी संध्याकाळी मावशींच्या दुकानात गेलो. त्या एका पॅंटची किनार टाचत होत्या, ओठांत तीन टाचण्या. मी तुकडा मशीनवर ठेवला आणि उत्साहात सगळं सांगितलं. सकाळी पिवळा होता. दहा मिनिटं. हुबेहूब.

त्यांनी एकेक टाचणी ओठांतून काढून पिनकुशनमध्ये खोचली. सावकाश.

"ते लोक काय म्हणतात आमच्याबद्दल, तुला माहीत आहे?"

"हो."

"काय म्हणतात?"

"की... हे सगळं बनवलेलं आहे."

"आणि तू मला काय करून देतोयस?"

माझे कान गरम झाले.

"चाळीस वर्षं मी गप्प बसले, पण खोटं एक अक्षर बोलले नाही. आता या वयात, तुझ्या टाकीतला काळा रंग लावून मुलांसमोर उभी राहू? म्हणजे त्यांचं म्हणणं खरं करू?" त्यांनी तो तुकडा उचलून माझ्या हातात कोंबला. "घेऊन जा हे. आधी मूर्ख होतास. आता लबाड होऊ नकोस."

मी दाराकडे वळलो.

"कुठे चाललास? बस."

बसलो. त्यांनी कपड्यांच्या मापांचा एक कागद फाडून माझ्यापुढे टाकला, पाठकोरा. पेन्सिल दिली.

"लिही. काय केलंस ते. कशाने घासलंस?"

"चिंच आणि मीठ."

"चिंच काय असते?" मी सांगितलं. झाडाला लागते, आंबट, आमटीत घालतात. "म्हणजे जेवणात घालायची वस्तू. बरं. आई राखेने घासायची. दर शुक्रवारी सकाळी. लिही, चिंच आणि मीठ. कुणाला विचारलंस?"

"कुणाला नाही."

"ते लिही. माती कुठे गेली ते लिही."

मी लिहीत होतो. त्या मशीनच्या पलीकडून उलट्या बाजूने वाचत होत्या.

"आणि तो खालचा कंगोरा," त्या अचानक म्हणाल्या, "तिथे काळं राहिलंय. आईने तुला पुन्हा घासायला लावलं असतं."

मी वर पाहिलं. मला वाटलं, सुटलो.

"असं बघू नकोस. मी माफ केलेलं नाही. खाली सही कर. नाव पूर्ण घाल."

हा कागद शमादानाच्या शेजारी लागणार आणि त्याच्या बाजूला पोलरॉइड, हे त्यांचं ठरलं होतं. संग्रहालयाच्या बैठकीत त्यावर बराच वाद झाला. कमिटीतले एक गृहस्थ, चांगले सज्जन वकील, म्हणाले की आपलाच गोंधळ आपणच काचेत मांडायचा म्हणजे विरोधकांना आयतं कोलीत. निदान नाव तरी नको, 'एका स्वयंसेवकाकडून' एवढं पुरे.

त्यांचं नंतरचं म्हणणं मला फार आवडलं होतं. नाव नको! मी मनात त्यांना दुवा देत होतो. मराठी मंडळातले निम्मे लोक उद्घाटनाला येणार होते.

मावशी म्हणाल्या, "जिथे कुणी काही केलं आणि करणाऱ्याचं नाव नाही, अशा कागदांनी ही इमारत भरलेली आहे. त्यात आणखी एक नको. नाव राहील. नाहीतर मी आणि हे शमादान, दोघं घरी जातो."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी एकदा वकिलांकडे बघितलं, एकदा मागच्या दाराकडे. आणि मग, खरं सांगतो, मला राग आला. स्वतःचा, त्या टाइप केलेल्या पत्रांचा आणि नाव लपवायला मिळतंय म्हणून आत कुठेतरी झालेल्या आनंदाचा. मी म्हणालो, "नाव राहू द्या. आणि ठळक लावा. चष्मा नसलेल्यांनाही दिसू दे."

"मोठं कशाला?" मावशी म्हणाल्या. "तू काय हिरो आहेस?"

ते बारीकच छापलं.

उद्घाटनाला मराठी मंडळी आली. कागद वाचून खजिनदार माझ्याजवळ आले, टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मला वाटलं होतं माझं प्रकरणच सगळ्यांत मोठं." बायकोने कागद दोनदा वाचला, कुणी विचारलं तर "हो, आमचेच" असं सांगत काचेशेजारी ताठ उभी राहिली. मला तेव्हा तिच्याकडे बघवलं नाही.

पण खरी परीक्षा दोन दिवसांनी होती. पश्चिमेकडच्या एका लहान गावातून पहिली शाळा आली. पिवळ्या बसमधून चाळीसेक मुलं उतरली, चौदा-पंधरा वर्षांची, च्युइंगगम चघळत. बरोबर शिक्षिका आणि एक पालक. मी मागे शिडीवर चढून एका दिव्याची दिशा बदलत होतो. मावशी काचेसमोर उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या हे अनोळखी माणसांसमोर सांगणार होत्या. पर्स दोन्ही हातांत घट्ट धरलेली. आवाज इतका बारीक की पहिल्या रांगेतली मुलं पुढे सरकली.

"आम्ही घरात सहा जण होतो," त्यांनी सुरुवात केली. आई, शुक्रवार, कपडे धुणारी बाई, सगळं ओळीने आलं. "तिने हे कोंबड्यांच्या..."

"हे?" तो पालक म्हणाला. ओरडून नाही, अगदी सहज, बाजूच्या मुलाला सांगावं तसं. पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हे तर मॉलमधून आणल्यासारखं दिसतंय."

दोन-तीन मुलं हसली. मावशी थांबल्या. त्यांची बोटं पर्सच्या कडीवर पांढरी झाली. शिक्षिका लाल झाल्या. मी शिडीवर, हातात गरम दिवा. मला वाटलं संपलं. आता त्या मोजा काढतील.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खाली ये."

मी उतरलो. शेवटची पायरी चुकली, ते जाऊ दे.

"हा तो माणूस," त्या मुलांना म्हणाल्या, आणि आता आवाज ड्रायक्लीनरच्या दुकानातला होता. "याने माझ्या आईची वस्तू मला न विचारता घासली. चाळीस वर्षं मी सांभाळलेली माती याने सिंकमध्ये सोडली. मला विचाराल तर गाढव आहे. पण याने नाव घालून लिहून दिलंय. ज्यांनी माझ्या घरातले पाच जण नेले, त्यांच्यातल्या एकानेही असा कागद मला दिला नाही. वाच रे."

मी वाचायला लागलो. कागद समोर होता, पाठही होता, तरी माझं सांगलीचं इंग्रजी प्रत्येक शब्दाला ठेचकाळत होतं. तो पालक मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता.

"एक मिनिट," तो म्हणाला. "तू तर यांच्यातला नाहीस. तुझा काय संबंध?"

आता खरं तर मी घाबरट माणूस. ऑफिसात माझी खुर्ची कुणी नेली तर मी दुसरी शोधतो. पण त्या क्षणी मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो, इतका जवळ की त्याला मागे सरकावं लागलं.

"संबंध?" मी म्हणालो. "मी घासलंय ते. या हातांनी. काळं होतं, मी पाहिलंय. माती होती, मी काढलीय. तुम्हाला खोटं ठरवायचं असेल तर आधी मला ठरवा. मी इथेच उभा आहे. तो फोटो बघा, आणि आता गप्प बसून ऐका, अजून दोन ओळी राहिल्यात."

त्याने फोटो बघितला नाही. हाताची घडी घातली आणि छताकडे पाहत उभा राहिला. पटलं असेल असं मला वाटत नाही. मी उरलेल्या दोन ओळी वाचल्या. "ही चूक आहे. ती भरून येणार नाही." मग माझं नाव वाचलं. ते मात्र एका दमात आलं.

आता कुणी हसत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने च्युइंगगम कागदात गुंडाळून खिशात टाकलं आणि हात वर केला.

"मग त्या बाईने ते कुठे पुरलं होतं?"

मावशींनी पर्स खाली जमिनीवर ठेवली. दोन्ही हात मोकळे केले.

"कोंबड्यांच्या खुराड्याखाली," त्या म्हणाल्या. "इतकं खोल." हाताने खोली दाखवली. मी दबकत शिडीकडे निघालो, तर त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "वर जाऊ नकोस. इथेच थांब. आज आणखी दोन बस यायच्यात."